शिजवलेलं पाणी

पाणी आपण तापवतो, उकळतो, आटवतो, गाळतो. पाणी शिजवतो असं मात्र मराठीत कुणी म्हणत नाही. डाळ शिजते, भात शिजतो. पाणी कसं शिजेल? पण इटलीच्या एका भागात गरिबांच्या सूपचं नावच मुळी ‘आक्वाकोत्ता’ असं आहे. ‘आक्वा’ म्हणजे पाणी आणि ‘कोत्ता’ म्हणजे शिजवलेलं. कांदा, टमाटे, हाताला लागेल तो पाला, शिळा पाव आणि वरून एक अंडं, एवढाच त्याचा ऐवज. घरात पाण्याखेरीज फारसं काही नसताना चूल पेटवावी लागली आणि त्यातून जे तयार झालं, त्याला लोकांनी सरळ नाव देऊन टाकलं : शिजवलेलं पाणी.

हे सूप आपल्या घरी कसं करायचं, ते आज सांगायचं आहे. ‘इटालियन’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर शहरातलं हॉटेल, जाडजूड मेनूकार्ड आणि त्याहून जाड बिल उभं राहतं. या सूपचा त्या झगमगाटाशी काही संबंध नाही. ते जंगलातल्या, दलदलीतल्या, हिवतापाच्या मुलखातलं अन्न आहे. म्हणूनच भद्रावतीत बसून त्याच्याविषयी बोलताना मला परकं वाटत नाही.

‘सूप’ हा शब्दही आपल्याला वाटतो तितका परका नाही. मराठीत सूप म्हटलं की धान्य पाखडायचं सूप आठवतं. पण संस्कृतात ‘सूप’ म्हणजे वरण किंवा कालवणाचा रस, आणि ‘सूपकार’ म्हणजे स्वयंपाकी. इंग्रजीतल्या सूपशी या शब्दाचं थेट नातं नाही. दोन भाषांत दोन वाटांनी आलेले हे जुळे शब्द आहेत. पदार्थाचंही तसंच. आपलं सार, आपली कढी, आपलं आळण ही सगळी पातळ अन्नं थोडक्यात पुष्कळांना पुरवण्यासाठी झाली. आक्वाकोत्ता त्याच भावकीतलं.

आधी त्याचा मुलूख पाहू. इटलीच्या मध्यभागी टस्कनी नावाचा प्रांत आहे. फ्लॉरेन्स हे त्याचं प्रसिद्ध शहर. पण त्याच प्रांताच्या नैर्ऋत्येला, समुद्राच्या कडेने मारेम्मा नावाचा पट्टा पसरलेला आहे. शतकानुशतकं तिथे दलदल होती आणि डासांचं राज्य होतं. ‘मलेरिया’ हा शब्द इटालियनच आहे. ‘माला आरिया’ म्हणजे वाईट हवा. डास चावल्याने हा ताप येतो हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिद्ध झालं. तोवर लोक दलदलीवरून येणाऱ्या हवेलाच दोष देत. मारेम्मात गुरं राखणारे घोडेस्वार गुराखी होते, जंगलात भट्ट्या लावून लोणारी कोळसा पाडणारे होते, हंगामापुरते डोंगरातून उतरणारे मजूर होते. कामासाठी तिकडे गेलेल्या आपल्या माणसांच्या काळजीने त्या मुलखाला शिव्याशाप देणारं ‘मारेम्मा आमारा’, म्हणजे ‘कडू मारेम्मा’, हे लोकगीत तिकडे आजही गातात. एकोणिसाव्या शतकात दलदल हटवण्याची मोठी कामं सुरू झाली; हिवताप मात्र दुसऱ्या महायुद्धानंतरच हटला.

हे ऐकताना चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसाला काय आठवेल, हे वेगळं सांगायला नको. पावसाळ्यानंतरचा हिवताप आमच्या जंगलातल्या गावांना अजून सोडून गेलेला नाही. कोळसा आमच्याकडे झाडांचा नाही, जमिनीखालचा. पण त्याची काजळी तीच. आणि रानातला पाला खुडून त्यावर दिवस काढायची विद्या दोन्हीकडे सारखीच. पावसाळ्याच्या सुरुवातीला आमच्या बाया तरोट्याची कोवळी पानं खुडतात, तशाच मारेम्मातल्या बाया रानपाला खुडून या पाण्यात टाकत.

या सूपमधला टमाटा मात्र इटलीचा नव्हे. त्याचं माहेर अमेरिका खंड. मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेतल्या ‘टोमाट्ल’ या शब्दापासून त्याचं नाव आलं. स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकात तो युरोपात नेला. इटलीत १५४४ साली मात्तिओली या वनस्पतीच्या जाणकाराने त्याचं वर्णन केलं. पुढे त्याला ‘पोमोदोरो’ म्हणजे सोन्याचं सफरचंद असं नाव मिळालं. सुरुवातीला तिथे आलेली फळं पिवळी असावीत असं त्यावरून मानतात. विषारी वनस्पतींच्या कुळातला म्हणून लोक त्याला बिचकत. इटालियन स्वयंपाकाच्या छापील पुस्तकात टमाट्याची चटणी आली ती सतराव्या शतकाच्या अगदी शेवटी, नेपल्समध्ये, अंतोनिओ लातिनी या मुदपाकखान्याच्या कारभाऱ्याच्या पुस्तकात; आणि तिला त्याने नाव दिलं ‘स्पॅनिश पद्धतीची’! म्हणजे आज ज्या टमाट्यावाचून इटालियन स्वयंपाकाची कल्पनाही करवत नाही, तो तिथेही पाहुणा म्हणून आला आणि घरचा झाला. आपल्याकडे तो पोर्तुगीजांबरोबर आला असं मानतात. विदर्भातल्या खेड्यांत जुनी माणसं त्याला ‘भेदरं’ म्हणतात. ज्याला आपल्या बोलीत नाव मिळालं, तो परका कसला?

आता कृतीकडे वळू. चार माणसांसाठी अर्धा किलो पिकलेले टमाटे, तीन मोठे कांदे, लसणाच्या चार पाकळ्या, एक गाजर, तीन मोठे चमचे तेल, एक वाळलेली लाल मिरची, मीठ, सव्वा लिटर पाणी, चार अंडी आणि शिळ्या पावाचे चार जाड काप. इटलीत यात सेलेरीचे देठ घालतात. ते आपल्या आठवडी बाजारात मिळणार नाहीत. पण सेलेरी, कोथिंबीर, गाजर, ओवा ही सगळी एकाच कुळातली झाडं आहेत. म्हणून कोथिंबिरीचे जे देठ आपण एरवी फेकून देतो, तेच बारीक चिरून घाला. तेल ऑलिव्हचंच हवं असा हट्ट नको. शेंगदाण्याचं किंवा करडईचं चालतं. जवसाचं तेल मात्र नको, त्याचा वास या सूपवर स्वार होतो.

टमाटे निवडताना चेहरा पाहू नका. लांब पल्ल्याच्या ट्रकमधून येणारा टमाटा जाड सालीचा, घट्ट आणि देखणा असतो. कारण त्याला प्रवास सोसायचा असतो. सूपला हवा पातळ सालीचा, आंबट, रसाने भरलेला गावरान टमाटा. संध्याकाळी बाजार उठताना थोडा नरम पडलेला माल स्वस्तात मिळतो, तो या कामाला उत्तम. फक्त बुरशी आलेला किंवा आंबूस वासाचा घेऊ नका.

पातेलं स्टीलचं किंवा मातीचं घ्या. टमाट्यात आम्ल असतं. ॲल्युमिनियमच्या उघड्या पातेल्यात ते बराच वेळ शिजलं की धातू थोडा विरघळतो आणि चव बिघडते. लोखंडी कढईत लोह उतरतं. ते अंगाला वाईट नाही, पण सूप काळपट होतं आणि जिभेला खिळ्याची चव येते. मातीची भांडी भद्रावतीला नवी नाहीत. ग्रामोदय संघामुळे हे गाव मातीकामासाठी ओळखलं जातं. मातीचं भांडं हळूहळू तापतं आणि हळूहळू निवतं, आणि या सूपला नेमका तोच धीर लागतो.

तेल मंद तापवून त्यात उभे पातळ चिरलेले कांदे, गाजराचे बारीक तुकडे आणि कोथिंबिरीचे देठ घाला, चिमूटभर मीठ टाका आणि झाकण ठेवा. मीठ कांद्यातलं पाणी बाहेर काढतं, त्यामुळे कांदा करपत नाही. वीस मिनिटं मंद आच राहू द्या, अधूनमधून हलवा. आपल्या रश्श्यासाठी आपण कांदा लाल करतो. इथे तो लाल करायचा नाही. तो मऊ, पारदर्शक आणि गोड झाला पाहिजे. ‘शिजवलेल्या पाण्या’त दुसरा कुठलाही मसाला नाही, मटणाचा रस्सा नाही. पाण्याला जी चव येते ती या वीस मिनिटांतून. इथे घाई केली तर शेवटी हाती खरंच नुसतं गरम पाणी येतं.

मग ठेचलेला लसूण आणि मोडलेली मिरची घालून मिनिटभर परता. टमाटे आधी उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवून सोलून घ्या आणि हाताने कुस्करून घाला. बिया आणि त्यांच्याभोवतीचा गर टाकू नका. टमाट्याची ती भरीव, रस्स्यासारखी चव येते ग्लुटामेट नावाच्या घटकामुळे, आणि गरात तो भरपूर असतो. दहा-बारा मिनिटांत टमाट्याचा कच्चा वास जाऊन तेल कडेला दिसू लागेल. टमाट्याला लाल रंग देणारं लायकोपिन शिजवल्यावर आणि तेलाच्या संगतीत शरीराला अधिक चांगलं मिळतं. आता उकळतं पाणी ओता, मीठ घाला आणि वीस मिनिटं मंद शिजू द्या. पालक किंवा चवळईची मूठभर पानं असतील तर शेवटच्या पाच मिनिटांत टाका. टमाट्यातलं क जीवनसत्त्व भाजीतलं लोह अंगी लागायला मदत करतं.

इटलीत काही घरांत सुरुवातीला डुकराच्या मांसाचा तुकडा परततात. आमच्या घरात तो प्रश्नच उद्भवत नाही, आणि त्यावाचून सूपचं काही अडत नाही. वरून किसून घालतात ते पार्मिज्यानो चीज वासराच्या जठरातल्या रसाने विरजलेलं असतं. त्यामुळे शाकाहारी माणसाने आणि हलाल पाहणाऱ्यानेही ते घेताना विचार करावा. महागडं चीज नसलं तरी बिघडत नाही. सुगंधासाठी तिकडे बेसिलची पानं असतात. ती आपल्याकडे शोधायला लांब जायला नको. फालुद्यात ज्याचं बी घालतात आणि दर्ग्यावर फुलांबरोबर ज्याची पानं वाहतात, तो सब्जा म्हणजे बेसिलच. अंगणात एक झाड असलं की दोन-चार पानं पुरतात. ती नेहमी शेवटी, विस्तव बंद केल्यावर तोडून घालावीत.

आता अंडं. सगळं कसब इथे आहे, आणि तेही फार नाही. अंड्याचा पांढरा भाग साधारण ६२ अंश सेल्सिअसपासून धरू लागतो, पिवळा ६५ ते ७० अंशांच्या दरम्यान. पाणी उकळतं १०० अंशांना. म्हणजे अंड्याला खळखळत्या उकळीची गरजच नसते. उकळी फुटत असताना अंडं टाकलं तर पांढऱ्याच्या चिंध्या होऊन वर फेस येतो आणि पिवळं रबरासारखं होतं. म्हणून आच इतकी कमी करा की पाण्यावर एखादाच बुडबुडा यावा. प्रत्येक अंडं आधी वाटीत फोडा. खराब निघालं तर वाटीच जाईल, पातेलं वाचेल. मग वाटी रस्श्याला टेकवून अंडं अलगद सोडा. चारही अंडी चार कोपऱ्यांत. झाकण ठेवा. टमाट्याची आंबटाई पांढरा भाग लवकर धरायला मदत करते, त्यामुळे वेगळं व्हिनेगर लागत नाही. तीन-चार मिनिटांत पांढरं धरतं आणि आतलं पिवळं पातळ राहतं. इटलीत तसंच आवडतं. पण लहान मुलं, गरोदर बाया, म्हातारी आणि आजारी माणसं यांच्यासाठी सहा-सात मिनिटं ठेवून पिवळंही पक्कं होऊ द्या. कच्च्या अंड्यातून पोट बिघडवणारे जंतू जाऊ शकतात.

अंडं ताजं आहे की नाही, हे पाण्याने भरलेल्या भांड्यात कळतं. ताजं तळाशी आडवं पडतं, जुनं उभं राहतं, फार जुनं तरंगतं. अंडं जुनं होतं तसं कवचातून पाणी उडत जातं आणि आतली हवेची पोकळी वाढते. ताज्याचा पांढरा भाग घट्ट असतो, म्हणून तो रस्श्यात पसरत नाही.

शिळ्या पावाचे काप तव्यावर कोरडे भाजून, लसणाची पाकळी घासून वाडग्याच्या तळाशी ठेवा. त्यावर डावाने रस्सा, वर एकेक अंडं. पाव ताजा असेल तर त्याचा चिखल होतो. शिळा आणि भाजलेला असेल तर तो रस्सा पितो आणि तरी थोडा उभा राहतो. पावाऐवजी ज्वारीची शिळी भाकर चालते का? चालते. फक्त भाकरीत गव्हासारखा चिवटपणा नसतो, ती लवकर विरघळते. म्हणून ती तव्यावर कडक करून, मोडून, अगदी वाढताना टाकावी.

घरात माणसं चार आणि अंडी दोनच असली तर? त्याचीही वाट इटलीनेच दाखवली आहे. रोममध्ये ‘स्त्राच्चातेल्ला’ नावाचं सूप करतात. या नावाचा अर्थ बारीक चिंध्या. दोन अंडी फेटा, त्यात दोन लहान चमचे रवा आणि चिमूटभर जायफळ घाला, आणि बारीक उकळी असलेल्या रस्श्यात बारीक धार धरून सोडा. धार सोडताना रस्सा एकाच दिशेने हळू ढवळत राहा. अंड्याचे मऊ धागे तयार होतात आणि प्रत्येक घासात थोडं अंडं येतं. रव्यातला स्टार्च अंड्याला घट्ट गोळा होऊ देत नाही, म्हणून धागे मऊ राहतात. रोममधला मूळ प्रकार मांसाच्या रस्श्यात करतात. टमाट्याच्या पाण्यातही तो छान जमतो. एक तीळ सात जणांत वाटून खावा अशी आपली म्हण आहे. अंडं वाटून घ्यायची ही तशीच युक्ती.

ही युक्ती मी उगाच सांगत नाही. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रथिनं असतात, तीही शरीराला सहज लागणारी. आमच्या जंगलभागात ती किती मोलाची आहेत, हे अंगणवाडीत मुलांची वजनं करणाऱ्या सेविकांना विचारावं. २०१५ साली डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांसाठी सुरू झाली आणि पुढे तिथल्या लहान मुलांना अंडी किंवा केळी देण्याची सोय तिच्यात झाली. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्यातल्या शाळांच्या पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरलं. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्यासाठीचा वेगळा निधी बंद केला आणि लोकसहभागातून द्या असं सांगितलं. अंडं खावं की न खावं हा ज्याच्या-त्याच्या घरचा प्रश्न आहे, आणि न खाणाऱ्याच्या ताटाचा मान राखलाच पाहिजे. पण ज्या मुलाच्या घरी ते खातात आणि परवडत नाही म्हणून मिळत नाही, त्याच्या ताटातून ते गेलं तर त्याची भरपाई भाषणाने होत नाही. शाळेत, अंगणवाडीत चार अंडी कमी पडली तर कुणाला द्यायचं आणि कुणाला नाही, असा प्रसंग येऊ नये. फेटलेल्या अंड्याची धार सगळ्यांच्या वाटीत जाते.

टमाट्याचीही अशीच एक गोष्ट आहे. जुलै २०२३ मध्ये तो शंभर रुपये किलोच्या वर गेला आणि घराघरांतून गायब झाला. आणि असेही हंगाम येतात की तोडणीची मजुरीसुद्धा निघत नाही आणि शेतकरी भरल्या क्रेट रस्त्याच्या कडेला ओतून देतो. स्वस्ताईचा टमाटा महागाईच्या दिवसांसाठी राखून ठेवणं इटलीतली कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या करत आली आहेत. उन्हाळ्यात अख्खं घर बसून टमाटे शिजवतं, गाळतं आणि बाटल्यांत भरतं. दक्षिणेकडे ते अर्धे कापून, मीठ लावून उन्हात वाळवतात. आपल्याला हे नवं नाही. विदर्भात वांग्याच्या, गवारीच्या खुला वाळवतातच. चंद्रपूरचं ऊन काय असतं, हे साऱ्या देशाला ठाऊक आहे. मार्चपासून ते फुकट मिळतं. टमाट्याचे पातळ काप मीठ लावून पातळ कापडाखाली तीन-चार दिवस कडकडीत वाळवा आणि कोरड्या बरणीत भरा. आषाढात भाव चढले की मूठभर काप कोमट पाण्यात भिजवून याच सूपला लावा. वाळवताना चव एकवटते, त्यामुळे ताज्यापेक्षा कमी लागतात. मीठ मात्र बेताने घाला, ते कापांत आधीच असतं.

भद्रावती हे तसं अनेक प्रांतांतल्या माणसांचं गाव. आयुध निर्माणीच्या वसाहतीत आणि कोळसा खाणींच्या वस्त्यांत कुठलकुठली माणसं आली, आपापली फोडणी घेऊन आली आणि शेजारणीकडून दुसरी शिकून घेतली. अन्न असंच गावं बदलतं. त्याला पासपोर्ट लागत नाही आणि जातपडताळणीचा दाखलाही लागत नाही. मेक्सिकोचं भेदरं, मारेम्माची युक्ती, दर्ग्याजवळचा सब्जा आणि कालची भाकर एका पातेल्यात आली, तर त्यातलं परकं कोणतं, हे जिभेला सांगता येत नाही.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. सूप उरलं तर अंडी काढून घ्या आणि रस्सा वेगळा ठेवा. दुसऱ्या दिवशी तो अधिक मुरलेला लागतो. आणि जेवायला बसताना दारात कुणी आलं, तर वाटीभर उकळतं पाणी वाढवा, चिमूटभर मीठ घाला आणि भाकरीचा आणखी एक तुकडा तव्यावर टाका. या सूपला पाणी वाढवल्याची लाज वाटत नाही. त्याचं नावच शिजवलेलं पाणी आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)